तोच सिनेमा, दर नाताळला

डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आत अंधारून येतं. लेस्टर स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनातून वर आले तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती आणि बाहेर चक्क रात्र पडलेली होती. पण काळोख म्हणावा तर तोही नाही. चौकातल्या झाडांवर दिव्यांच्या माळा, मधल्या बागेत नाताळचा बाजार, लाकडी टपऱ्यांमधून दालचिनी-लवंग घालून गरम केलेल्या वाइनचा वास, आणि या सगळ्यातून वाट काढणारी हजारो माणसं. धाकटी मावसबहीण गेली कित्येक वर्षं इथे राहते. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, इकडे तिकडे बघत बसलीस तर हरवशील. आधी सिनेमा, मग बाजार."

सिनेमासाठी या चौकात यावं हे ओघानेच आलं. इंग्लंडमध्ये मोठ्या चित्रपटांचे पहिले खेळ बरेचदा होतात ते इथेच. ओडियन थिएटरची काळी इमारत १९३७ सालापासून उभी आहे. बागेत चार्ली चॅप्लिन काठी घेऊन उभा आहे, आणि लहान मुलं त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेत होती. १८९६ साली ल्युमिए बंधूंची हलती चित्रं लंडनकरांनी याच चौकातल्या एम्पायर थिएटरात पाहिली, आणि जवळच्याच अलहाम्ब्रात रॉबर्ट पॉल या इंग्रज गृहस्थाने स्वतःच्या यंत्रावर आपली चित्रं दाखवली. त्याच वर्षीच्या जुलैत ल्युमिएंची माणसं मुंबईला वॉटसन हॉटेलात पोचली. सिनेमाचं वेड या चौकात आणि आपल्या काळ्या घोड्याजवळ एकाच वर्षी आलं, हे मला तिथे उभं राहून फार आपुलकीचं वाटलं.

आम्हाला मात्र मोठ्या थिएटरात जायचं नव्हतं. चौकाच्या उत्तरेला लेस्टर प्लेस नावाची एक बोळवजा गल्ली आहे, पलीकडे लगेच चायनाटाउन सुरू होतं. त्या गल्लीत प्रिन्स चार्ल्स सिनेमा आहे. नवे चित्रपट पडद्यावर आदळत असताना हे थिएटर जुने, आवडते, विसरलेले, कुणीतरी जीव लावलेले चित्रपट दाखवतं. नाताळ आला की त्याचा सगळा महिना नाताळच्या चित्रपटांचा असतो. बहिणीचं कुटुंब दर वर्षी इथे येतं, आणि त्या वर्षी, म्हणजे २०२४च्या डिसेंबरात, मी पाहुणी असल्यामुळे माझंही तिकीट काढलेलं होतं.

खेळाला अवकाश होता. थिएटरच्या शेजारी नोत्र दाम द फ्रान्स हे फ्रेंच चर्च आहे, त्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरलो. आत पाऊल टाकताच जाणवलं की ही वास्तू गोल आहे. त्यामागची हकीकत मोठी सुंदर आहे. १७९३ साली रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने इथे पॅनोरामा उभारला होता. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सभोवार एकच अखंड चित्र, शहराचं किंवा आरमारी लढाईचं. प्रेक्षक जिना चढून मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि चहूबाजूंनी त्या देखाव्यात बुडून जात. पैसे देऊन, अंधाऱ्या वाटेने आत जाऊन, दुसऱ्या जगात उभं राहण्याची ही सोय सिनेमाच्या शंभर वर्षं आधी या गल्लीत होती. १८६५ साली फ्रेंच पाद्र्यांनी ती जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून इमारतीची नासधूस झाली, पण नवं चर्च उभारताना गोल आकार तसाच राखला.

डाव्या हाताच्या छोट्या प्रार्थनास्थळात जाँ कॉक्तो या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने १९५९ साली रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. रेषा इतक्या मोकळ्या की हात न उचलता काढल्यासारख्या. मधल्या भिंतीवर क्रूस आहे, पण ख्रिस्ताचे फक्त पाय दिसतात. वरचं शरीर चित्राच्या बाहेर. खाली फासे टाकणारे शिपाई, वर काळा सूर्य, आणि एका कडेला, क्रुसाकडे पाठ करून उभा असलेला खुद्द कॉक्तो. चौकट कुठे कापायची हे ज्याला कळतं असा सिनेमावाला माणूसच क्रूस असा काढू शकतो, असं माझ्या मनात आलं. त्याचा 'ब्यूटी अँड द बीस्ट' आला १९४६ साली, आणि शेजारी आम्ही जो चित्रपट बघणार होतो तोही १९४६ सालचाच. एक युद्धातून होरपळून निघालेल्या फ्रान्समध्ये काढलेला, दुसरा युद्धावरून परतलेल्या माणसांनी अमेरिकेत काढलेला.

तो चित्रपट म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'.

थिएटरच्या दर्शनी भागावर पांढरा फलक आहे आणि त्यावर अजूनही एकेक अक्षर हाताने लावतात. बाहेर रांग होती, थंडीत हात चोळत, पण चेहरे लग्नाला आल्यासारखे. १९६२च्या डिसेंबरात ही इमारत नाटकांसाठी उघडली. नाटक टिकलं नाही आणि काही वर्षांतच तिचं सिनेमागृह झालं. सत्तरच्या दशकात इथे 'इमॅन्युएल'सारखे प्रौढांचे चित्रपट महिनोन्‌महिने चालले. १९९१पासून मात्र नव्या चालकांनी वेगळी वाट धरली. रोज वेगळा चित्रपट, तिकीट स्वस्त, आणि प्रेक्षकांना सभासद करून घ्यायचं. १९९९ साली इथे 'द साउंड ऑफ म्युझिक' पडद्यावर शब्द दाखवून सगळ्यांनी गात बघण्याचे खेळ सुरू झाले आणि ती प्रथा जगभर पसरली. मोठ्या साखळी थिएटरांनी फिल्मची प्रोजेक्टर यंत्रं भंगारात काढली, तेव्हा यांनी ३५ आणि ७० मिलिमीटरची यंत्रं जपून ठेवली, चालवणारी माणसं जपून ठेवली. आजही त्यांच्या वेळापत्रकात कुठला खेळ फिल्मवर आहे हे ठळक लिहिलेलं असतं, आणि त्या खेळांची तिकिटं आधी संपतात.

आत शिरलो तर दालनात नुसता गोंधळ. आधीचा खेळ नुकताच सुटला होता. 'द मपेट ख्रिसमस कॅरल', तोही सगळ्यांनी मिळून गायचा. मायकेल केनने स्क्रूजचं काम केलेला हा १९९२चा चित्रपट. बाकीची बहुतेक पात्रं कापडी बाहुल्यांची, गोष्ट डिकन्सची. डोक्यावर सांबराची शिंगं, गळ्यात चमकी, अंगात विणलेले ढगळ स्वेटर अशी माणसं जिना चढून वर येत होती आणि शेवटचं गाणं अजून थांबलेलं नव्हतं. एका आजोबांच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची नात होती. तिला सगळे शब्द पाठ होते आणि आजोबांनाही. भिंतीवर आठवड्याभराची यादी: 'होम अलोन', 'ग्रेमलिन्स', 'एल्फ', 'डाय हार्ड'. 'डाय हार्ड' नाताळचा चित्रपट आहे की नाही यावर बहिणीच्या घरात दर वर्षी वाद होतो म्हणे. इथल्या मंडळींनी तो केव्हाच निकालात काढला आहे.

मोठं प्रेक्षागृह तळघरात आहे. तीनशे खुर्च्या. पायऱ्या उतरून गेलं की एक गोष्ट पटकन लक्षात येते, इथली जमीन पडद्याकडे जाताना खाली उतरत नाही, वर चढते. त्यामुळे खुर्चीत जरा मागे रेलूनच बसावं लागतं, मान आपोआप वर होते. छत बुटकं आहे. आपल्याकडच्या जुन्या टॉकीजमध्ये पडद्यापुढे मोकळी जागा असायची तशी इथे नाही. माणसं आणि पडदा अगदी लगटून आहेत. एकही खुर्ची रिकामी नव्हती. थिएटरमधला एक तरुण पुढे आला, आजचा खेळ फिल्मवर आहे एवढं सांगितलं आणि फोन बंद करायची विनंती केली. लोकांनी त्या दोन वाक्यांना टाळ्या दिल्या.

माझ्या शेजारी एक वयस्क बाई एकट्या बसल्या होत्या. मांडीवर घरून आणलेल्या खाऊची पिशवी, त्यात मिन्स पाय, नाताळचा गोड पदार्थ. एक मलाही दिला. मी विचारलं, हा चित्रपट तर टीव्हीवर दर नाताळला लागतो ना? त्या म्हणाल्या, "लागतो की. पण घरी मध्येच कुणीतरी चहा ठेवायला उठतं."

गोष्ट साधी आहे. बेडफर्ड फॉल्स नावाच्या लहानशा गावात जॉर्ज बेली नावाचा तरुण. त्याला जग बघायचंय, पूल बांधायचेत. पण वडील अचानक जातात आणि त्यांची लहानशी कर्जसंस्था त्याच्या गळ्यात पडते. आपल्याकडच्या वाचकाला ही संस्था समजावून सांगावी लागणार नाही. गावच्या लोकांनी पै-पै साठवायची आणि त्यातून एकमेकांना घरासाठी कर्ज द्यायचं, अशी ती पतसंस्था. गावातला धनाढ्य पॉटर तिच्यावर टपून बसलेला, कारण ती असेपर्यंत लोक त्याच्या भाड्याच्या खोपटांतून बाहेर पडत राहणार.

मंदीत ठेवीदार संस्थेच्या दारात गर्दी करतात तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. जॉर्ज आणि मेरी नुकतेच लग्न लावून मधुचंद्राला निघालेले. मेरी प्रवासासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर वर धरते आणि विचारते, किती हवेत? जॉर्ज एकेकाला हात जोडतो, भागेल एवढेच न्या. कुणी सगळे मागतो, कुणी वीस. एक लाजरी बाई विचारते, साडेसतरा मिळतील का? आणि जॉर्ज पुढे वाकून तिच्या गालाचं चुंबन घेतो. सगळं थिएटर हसलं, आणि हसतानाच काही जणांनी डोळे पुसले. दिवस संपतो तेव्हा तिजोरीत दोन डॉलर उरलेले असतात, पण संस्था टिकलेली असते. महाराष्ट्रात ज्यांनी बुडालेल्या पतसंस्थेच्या कुलपापुढे उभी असलेली म्हातारी माणसं पाहिली आहेत, त्यांना त्या दोन डॉलरांची किंमत कळेल.

फिल्मवर बघण्याने काय फरक पडतो, हे मला एका प्रसंगात दिसलं. नाताळच्या आदल्या दिवशी काकाच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. बरबाद झालेला जॉर्ज दारूच्या गुत्त्यात बसून देवाची प्रार्थना करतो. जॉर्जचं काम करणारा जेम्स स्ट्यूअर्ट तेव्हा युद्धात बॉम्बफेकी विमानं चालवून नुकताच परतला होता. प्रार्थना म्हणता म्हणता तो खरोखरच रडू लागला, असं त्याने पुढे स्वतः लिहिलं आहे. कॅमेरा लांब होता आणि ते रडू पुन्हा करून दाखवण्यातलं नव्हतं. तेव्हा काप्राने प्रयोगशाळेत ते दृश्य एकेका चौकटीने मोठं करून चेहरा जवळ आणला. त्या ठिकाणी पडद्यावरचे कण अचानक जाड होतात, चेहरा वाळूतून वर आल्यासारखा दिसतो. एका माणसाचं दुःख निसटू नये म्हणून दुसऱ्याने किती खटपट केली, त्याची खूण त्या कणांमध्ये राहिली आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. पुलावर उभा असलेला जॉर्ज, त्याला वाचवायला आलेला क्लॅरेन्स हा पंख न मिळालेला देवदूत, जॉर्ज जन्मलाच नसता तर गाव कसं झालं असतं ते दाखवणारी ती भयाण रात्र. आणि शेवटी घरी परत. दार उघडून गावकरी आत येतात, टोपल्यांतून, बरण्यांतून पैसे आणून टेबलावर ओततात. झाडावरची घंटा वाजली तेव्हा सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. चित्रपटातलं गाव आणि खुर्च्यांवरचं गाव त्या वेळी एकाच सुरात होतं.

हा चित्रपट सुरुवातीला पडला होता. खर्चही निघाला नाही. खरं तर त्यावर किती मेहनत! चित्रण उन्हाळ्यात झालं. पूर्वी सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकत, ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद ऐकू येईनात. इथे आग विझवण्याच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवा, मुका बर्फ बनवला, आणि त्याला ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. तरी लोक आले नाहीत. मग १९७४ साली स्वामित्वहक्काची मुदत वाढवायची राहून गेली, टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकटात मिळू लागला, आणि दर डिसेंबरला लागता लागता तो घराघरातला झाला. पुन्हा पुन्हा बघण्यानेच तो जगला.

म्हणून मला आपली पारायणं आठवली. सप्ताहात ज्ञानेश्वरी वाचली जाते तेव्हा पुढे काय आहे हे मंडपातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. तरी लोक येतात, कारण एकट्याने वाचणं वेगळं आणि शेजारच्याचा श्वास ऐकत ऐकणं वेगळं. उत्सवाला नवीन गोष्ट लागत नाही, ओळखीची गोष्ट लागते आणि ती ऐकायला एकत्र जमण्याची जागा लागते. त्या तळघरात मला ती जागा दिसली.

बाहेर आलो, बाजार राहिलाच. थंडी असूनही बहिणीला म्हटलं, जरा चालू या. लाइल स्ट्रीट, चायनाटाउनचे लाल कंदील, मग शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू आणि पिकॅडिली सर्कस. मला या भागातून पायी जायचं होतं ते दादासाहेब फाळक्यांसाठी. गिरगावात पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र बघताना त्यांना आपला कृष्ण दिसू लागला, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ज्या सणाच्या निमित्ताने मी इथे आले, त्याच सणाच्या बाळाची गोष्ट बघून आपला सिनेमा जन्मला. १९१२च्या फेब्रुवारीत, विमा पॉलिसी गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर, ते लंडनला आले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते मुंबईत वर्गणीदार होते. पिकॅडिली सर्कसच्या परिसरात त्या साप्ताहिकाची पाटी दिसली आणि ते सरळ संपादक कॅबर्न यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. कॅबर्ननी आधी परोपरीने समजावलं की या धंद्यात इथलेच लोक बुडताहेत. माणूस हटत नाही असं बघून त्यांनीच फाळक्यांची वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून फाळके १ एप्रिलला परतले, आणि ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या गर्दीत, दिव्यांखाली, चाळिशी ओलांडलेल्या त्या नाशिककराला परक्या शहरात ओळखीची पाटी दिसली तेव्हा काय वाटलं असेल, या विचाराने मला भरून आलं.

मी पुण्याला परतले आणि महिन्याभरात, २०२५च्या जानेवारीअखेर, बहिणीचा निरोप आला. प्रिन्स चार्ल्स सिनेमा संकटात होता. भाडेकरार संपत आला होता. चालकांचं म्हणणं असं की जागामालकांना बाजारभावापेक्षा पुष्कळ जास्त भाडं हवं आहे, आणि इमारतीच्या पुनर्बांधणीला परवानगी मिळाली तर सहा महिन्यांच्या सूचनेवर थिएटर रिकामं करून द्यावं असं कलमही हवं आहे. अशा टांगत्या तलवारीखाली कुठलं थिएटर पुढच्या वर्षाचा विचार करू शकेल? चालकांनी लोकांना साद घातली. पाहता पाहता एक लाखाच्या वर सह्या झाल्या. त्यात बहिणीच्या घरच्या सगळ्यांच्या होत्या, माझीही होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेस्टमिन्स्टर कौन्सिलने या थिएटरची लोकांच्या उपयोगाची वास्तू म्हणून अधिकृत नोंद केली. एवढ्याने धोका टळत नाही. पण त्या नोंदीने एक गोष्ट कागदावर आली, की ही जागा म्हणजे नुसती चौरस फुटांची मालमत्ता नाही, तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही हक्क आहे. जॉर्ज बेलीच्या टेबलावर गावाने पैसे ओतावेत तशा त्या सह्या आल्या होत्या. ज्यांनी दर नाताळला ते दृश्य एकत्र पाहिलं, त्यांना वेळ आल्यावर काय करायचं हे शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. लालबागच्या भारतमाता सिनेमावर गिरणीच्या जागेपायी गंडांतर आलं तेव्हा गिरणगावातली माणसं आणि मराठी कलावंत त्याच्या पाठीशी उभे राहिले. मराठा मंदिराने १९९५पासून 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' चालवत ठेवून दाखवून दिलं की एका चित्रपटाभोवतीही माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमू शकतात. पण पुण्याचं भानुविलास गेलं, गावोगावच्या टॉकीज गेल्या, आणि त्या जाताना आपण हळहळण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. कारण त्या थिएटरांशी आपला सणासुदीचा, ठरलेला, दर वर्षीचा संबंध उरला नव्हता.

तो पुन्हा जोडता येईल. आपल्याकडे पारायण करण्याजोगे चित्रपट काय कमी आहेत? आषाढीच्या आठवड्यात प्रभातचा 'संत तुकाराम' लावावा. १९३६ सालचा हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा अभंग मोठ्या पडद्यावर सुरू झाला की शब्द खाली दाखवायचीही गरज पडणार नाही, थिएटर आपसूक गाईल. मातृदिनाला 'श्यामची आई'. दिवाळीत 'अशी ही बनवाबनवी', तोही 'डाय हार्ड'च्याच, १९८८च्या सालचा, आणि त्याचे संवाद पडद्याआधी प्रेक्षकांच्या तोंडून येतील. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या सोसायट्यांची अनेक दशकांची परंपरा आहे, एकपडदा थिएटरं अजून काही शिल्लक आहेत. हवा आहे तो एक ठरलेला दिवस आणि दर वर्षी तोच दिवस पाळणारं गाव. येत्या आषाढीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. थिएटरवाल्यांशी बोलायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी शंभरजण पुण्यातच सापडतील याची मला खात्री आहे.